पूर ओसरला, आता गाळाकडे बघा

निपाणी-चिकोडीकडे दूधगंगा-वेदगंगेचा काठ असो की बेळगावजवळचं बळ्ळारी नाल्याचं शिवार, पाणी उतरलं की ट्रॅक्टर घालायची घाई होते. थांबा. आधी चार ठिकाणी फावडं मारून वर काय बसलंय, किती जाड बसलंय, ते पाहा.

कमी दाबाच्या पट्ट्याने घाटावर दोन-तीन दिवस पाऊस ओतला, तर नदी वर्षभराच्या गाळातला मोठा वाटा तेवढ्यातच नेते. धावतं पाणी काठ खातं. वेग मोडला की आधी वाळू टाकतं, बारीक गाळ सगळ्यात शेवटी. म्हणून काठालगत वाळू आणि आतल्या खोलगट रानात चिकट गाळ, कधी एकाच गटात दोन्ही. शेजाऱ्याचा उपाय आपल्या रानाला चालेलच असं नाही.

दोन-चार इंच वाळू वापसा आल्यावर, म्हणजे माती नांगरण्याइतकी सुकल्यावर, नांगरटीत मिसळून जाते. फूटभर असेल तर काढावीच लागते, पण पंचनामा आणि फोटो होईपर्यंत हलवू नका. बारीक गाळ वाळून पापडी धरतो आणि मुळांची हवा तोडतो. उभ्या उसात ती हलक्या कुळवणीने फोडा. पोंग्यातला, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांतला, गाळ स्वच्छ पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. पोंगा कुजून कांड्यांवर पांगशा (डोळ्यांतून बाजूचे फुटवे) फुटल्या असतील, तर तो ऊस आधी तोडायला लावा. नत्र पाण्याबरोबर गेलेलं असतं, पण चर काढून पाणी निघाल्याशिवाय युरिया टाकणं म्हणजे पैसे ओढ्यात टाकणं. बळ्ळारी नाल्याच्या गाळात शहराचं सांडपाणीही असतं. तिथे यंदा कच्ची खायची भाजी नको.

आपली माती गेली तरी खालच्यांना मिळते, असं काठावर म्हणतात. फारसं खरं नाही. बराचसा गाळ आलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर इथे अडतो. आंध्रातल्या कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशाला तो पुरेसा पोचत नाही, आणि चक्रीवादळाच्या लाटांनी कापलेला किनारा भरून निघत नाही. म्हणजे माती आपलीही जाते, त्यांनाही मिळत नाही. धारेपर्यंत नांगर नेऊ नका. काठाचा पट्टा सोडून बांबू, करंज, वाळा लावा.

परतीचा पाऊस आणि उपसागरातली वादळं ऑक्टोबर-नोव्हेंबरातही येतात. तोवर चर बुजू देऊ नका. येळ्ळूर-वडगावच्या भातानंतर मसूर पेरणाऱ्यांनी माती परीक्षणाचा नमुना काढून कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात आत्ताच चौकशी करावी. वाळूच्या आणि गाळाच्या भागाचे नमुने वेगळे ठेवा.