कडुनिंबाचा हिशेब कसा मांडायचा

आमच्या गल्लीत रस्ता रुंद करायला अकरा कडुनिंब तोडायची नोटीस खोडांवर लागली. शेजाऱ्यांनी पोटतिडकीनं पत्र लिहिलं. पण प्रस्तावातला प्रत्येक आकडा रुपयांत होता आणि झाडांपुढे काहीच नव्हतं, म्हणजे शून्य. मी नागपुरात अर्थशास्त्र शिकवते, म्हणून दुसरी हरकत हिशेबानं लिहिली. तुम्हीही लिहा.

आधी विचारा, रुंदीकरण केलं नाही तर दुसरा पर्याय काय? आमच्याकडे पार्किंग एकाच बाजूला केलं तरी बरीच वाट मोकळी होत होती. मग रुंदीकरणाचा फायदा म्हणून त्यापुढे जे मिळेल तेवढंच धरायचं.

मग सावलीची किंमत. तिसऱ्या झाडाखाली भाजीवाल्या मावशी बसतात. त्यांना विचारलं, सावली नसती तर? "अकरालाच उठावं लागलं असतं, मॅडम." आता त्या दीडपर्यंत बसतात. अडीच तासांची कमाई गुणिले उन्हाळ्याचे दिवस. सारख्याच आकाराच्या, सावलीतल्या आणि उन्हातल्या घरांची मे महिन्याची वीजबिलं शेजारी ठेवा. कूलरचा फरक युनिटांत दिसतो. फुटाळा तलावासारख्या जागेची किंमत काढायला तिथे फिरायला येणाऱ्यांचा पेट्रोल आणि वेळेचा खर्च मोजतात. ही युक्ती अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी सुचवली होती.

खरी मेख व्याजदरात असते, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत ज्या दरानं घटवून काढतात त्यात. तीस वर्षांनी मिळणारे १००० रुपये १० टक्के दरानं आज फक्त ५७ रुपयांचे ठरतात, ३ टक्क्यांनी ४१२. झाडाचा फायदा हळूहळू, वर्षानुवर्षं मिळतो. दर चढा धरला की झाड कागदावरच मरतं. म्हणून कोणता दर धरला ते लेखी मागा आणि दोन्ही दरांनी उत्तर काढून दाखवा.

शेवटी कुणाचं काय जातं ते वेगळं लिहा. अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० सालीच मांडलं होतं की, जो दुसऱ्यावर नुकसान लादतो त्याच्याकडून ते वसूल व्हावं. आमच्याकडे सोय गाडीवाल्यांची होणार होती, ऊन मावशींच्या डोक्यावर येणार होतं. एकूण बेरजेत हे बुडून जातं आणि मला तो अन्याय वाटतो.

आमची आठ झाडं राहिली, तीन गेली. निकालानंतरही मोजणं थांबवू नका. तोडीआधीच्या मे महिन्यातलं दुपारी दोनचं तापमान माझ्या वहीत आहे, आमच्या गल्लीचं आणि एकही झाड न तुटलेल्या मागच्या गल्लीचंही. येत्या मे महिन्यात दोन्हीकडे पुन्हा मोजणार आहोत.