डेंग्यू येण्याआधी: घर आणि ऑफिसची मे महिन्यातली तयारी

गल्लीतून धुराची गाडी फिरून गेली की सगळ्यांना हायसं वाटतं. त्या धुरानं उडते डास मरतात. पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही, आणि आठवडाभरात त्यांचेच डास होऊन घरात शिरतात. शिवाय ही गाडी बहुतेकदा येते ती कुणीतरी आजारी पडल्यावर. म्हणून तयारी पावसाआधीच करायची. १६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिवस आहे, तारीख लक्षात ठेवायला सोयीची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास चिकुनगुन्या आणि झिकाही पसरवतो. २०२४ साली पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले होते, ते आठवत असेलच.

आधी टॉर्च घेऊन फेरी

एडिसला गटार नको असतं. त्याला साठलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं, बाटलीच्या बुचात मावेल एवढंही पुरतं. कुंडीखालच्या ताटल्या, मनी प्लांटची बाटली, कूलर, गच्चीवरचे टायर आणि भंगार, ताडपत्रीच्या सुरकुत्या, लिफ्टचा खड्डा या नेहमीच्या जागा. आमच्या घरी यातलं काहीच निघालं नाही, म्हणून मी निश्चिंत होतो. मग फ्रिज भिंतीपासून ओढला. मागे, कॉम्प्रेसरच्या वर, पाणी गोळा होणारा एक ट्रे असतो हे मला माहीतच नव्हतं. त्यात बोटभर पाणी, आणि स्वल्पविरामाएवढ्या अळ्या डोकं खाली करून लटकलेल्या. टॉर्च पडताच वळवळत तळाशी गेल्या. ज्या दिवशी हे बघाल त्या दिवसापासून कुणी सांगावं लागत नाही.

कोरडा दिवस: वार ठरवा, माणूसही ठरवा

अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी करायची. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. तेव्हा आतून घासणीनं खसखसून घासा आणि भांडं उन्हात उपडं घाला.

ज्यांच्याकडे पाणी दिवसाआड, नाहीतर चार दिवसांनी येतं, त्यांना ‘पिंप रिकामं करा’ असं सांगणं ही चेष्टाच. तिथे असं करा: पाणी यायच्या आधी तळाशी उरलेलं पाणी फरशीला, संडासाला वापरून टाका, पिंप घासा, मग भरा. भरल्यावर जुन्या सुती साडीचा दुहेरी तुकडा तोंडावर ताणून सुतळीनं घट्ट बांधा. प्लास्टिकचं झाकण चालेल, पण त्याला फट नको. मोठ्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. ते महापालिकेच्या मलेरिया विभागात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. गच्चीवरच्या टाकीचं झाकण आणि हवेच्या पाइपवरची जाळी एकदा वर चढून स्वतःच बघा.

सोसायटीत हे काम एका माणसाच्या नावावर असू द्या. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ असा मेसेज ग्रुपवर टाकला की खाली वीस अंगठे पडतात आणि ताटलीतलं पाणी ताटलीतच राहतं.

ऑफिसात आणि कारखान्यात

हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळायच्या सुमारास जास्त. म्हणजे आपण कामावर असतो ती वेळ त्याचीच. कोरड्या दिवसाची फेरी तिथेही हवी. गणपतीच्या सुट्टीत ऑफिस बंद करण्याआधी कूलर आणि बादल्या रिकाम्या करा, उघडल्यावर पहिलं काम पुन्हा तीच फेरी.

डेंग्यू एकमेकांना शिवून किंवा खोकून लागत नाही, त्यामुळे आजाऱ्याला वाळीत टाकायचं कारण नाही. पण त्याला रजा मात्र पूर्ण द्या, ताप उतरल्या दिवशी ‘येतोस का?’ असा फोन नको. त्यासाठी प्रत्येक महत्त्वाचं काम दोघांना येत असलं पाहिजे. पगाराच्या तारखेला अकाउंट्सवाले तापानं पडले तर बँकेचा ओटीपी कुणाच्या फोनवर येणार, हे मेमध्येच विचारून घ्या.

ताप आला तर: कागद फ्रिजवर लावा

जवळचा दवाखाना, रात्री उघडी असणारी लॅब, घरातल्यांचे रक्तगट, मेडिक्लेमचा नंबर एवढं त्यावर लिहा. डब्यात थर्मामीटर, पॅरासिटामॉल आणि ओआरएसची पाकिटं ठेवा. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका. रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. डेंग्यू ओळखायची एनएस१ ही रक्ततपासणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते. ताप असताना रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, कारण त्याला चावलेला डास पुढे घरातल्या इतरांना गाठतो.

खरी जोखीम मात्र ताप उतरल्यावर असते, म्हणजे ताप सुरू झाल्यापासून साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. घरचे म्हणतात, बरं वाटतंय, आणि नेमकं त्याच एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपून रक्तदाब कोसळू शकतो. सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर आणि पपईच्या पानांच्या रसावर. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट १०,००० च्या खाली जाईपर्यंत त्या बाहेरून द्यायची सहसा गरज पडत नाही. त्यापेक्षा पोटात जोरात दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, गार पडलेले हातपाय, सुस्ती याकडे बघा. चार-सहा तासांत लघवीच झाली नाही, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट बघू नका. म्हणून तर त्या कागदावर ओळखीच्या रिक्षावाल्याचाही नंबर हवा.