पॅच लावून पॅकेज पुन्हा बिल्ड करताय? या चुका टाळा

तुम्हाला छळणाऱ्या बगवर कुणीतरी पॅच (कोडमधल्या बदलांची फाइल) लिहिलेला असतो, पण अधिकृत अपडेटचा पत्ता नसतो. मग पॅकेज स्वतः बिल्ड करणं आलंच. डेबियन-उबंटू या लिनक्स प्रणालींवर ते करताना गाडी बहुतेक वेळा याच जागी अडते.

पॅच स्क्रीनवरून कॉपी-पेस्ट करू नका. टॅबच्या जागी स्पेस येतात आणि एकही हंक (पॅचमधला बदलाचा एकेक तुकडा) लागत नाही. मूळ फाइलच उतरवून घ्या आणि लावण्याआधी वाचा. बग एका सी फाइलमध्ये असताना पॅच इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये काही बदलत असेल तर तिथेच थांबा, कारण त्या स्क्रिप्ट रूटच्या अधिकारांनी चालतात.

सोर्स एपीटी या पॅकेज व्यवस्थापकाच्या ‘एपीटी सोर्स’ कमांडनेच घ्या (त्यासाठी ‘डेब-एसआरसी’, म्हणजे सोर्स कुठून घ्यायचा त्या नोंदी, सुरू असाव्या लागतात) आणि ‘बिल्ड-डेप’ने लागणारी पॅकेजेस आणा. मूळ प्रकल्पाचा टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) घेऊन ‘मेक इन्स्टॉल’ केलं, तर नवी प्रत सहसा ‘यूएसआर लोकल’मध्ये जाते, जुनी जागच्या जागी राहते, आणि नक्की कुठली चालते आहे हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

पॅच आधी ‘ड्राय-रन’ने, म्हणजे फाइल न बदलता, तपासा. फाइल सापडत नाही म्हणाला, तर बहुधा ‘पी१’ऐवजी ‘पी०’ लागेल (फाइलच्या पाथचे सुरुवातीचे किती भाग गाळायचे, ते हा आकडा सांगतो). पण खरा धोका ‘यशस्वी’ संदेशात असतो. समजा, हंक ४१८व्या ओळीवर ‘फझ २’ने लागला. पॅचमध्ये बदलाच्या वर-खाली साधारण तीन-तीन ओळी संदर्भाला असतात. फझ २ म्हणजे दोन्ही टोकांच्या दोन-दोन ओळींकडे दुर्लक्ष करून जागा ठरवली. सारख्या दिसणाऱ्या दोन फंक्शनपैकी चुकीच्या फंक्शनमध्येही तो बसू शकतो, आणि कोड विनातक्रार कंपाइल होतो. म्हणून फझ दिसला की ती जागा उघडून डोळ्यांनी बघा. नुसता ऑफसेट (संदर्भ जुळला, फक्त ओळ क्रमांक सरकला) असेल तर एवढी काळजी नको.

डेबियनची बिल्ड व्यवस्था तर फझ चालवूनच घेत नाही. पॅच ‘क्विल्ट’ या पॅच सांभाळणाऱ्या साधनाने आयात करून लावा, जागा तपासा आणि ‘रिफ्रेश’ करा, म्हणजे तो पॅचची यादी असलेल्या ‘सिरीज’ फाइलमध्येही नीट नोंदला जातो.

आता आवृत्ती क्रमांक. यावर फार कमी लोक लक्ष देतात, आणि ही चूक सगळ्यात महागात पडते. क्रमांक तोच ठेवला तर एपीटी कधीतरी तुमचं पॅकेज बदलून अधिकृत पॅकेज बसवू शकतं. म्हणून बरेच जण शेवटी ‘+लोकल१’ जोडतात. पण डेबियन १२चं सुरक्षा अपडेट ‘+डेब१२यू१’ असं येतं, आणि तुलना इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने होते. ‘एल’ हे ‘डी’च्या नंतर येतं, त्यामुळे २.४-१ला जोडलेलं ‘लोकल’ त्या सुरक्षा अपडेटपेक्षा नवं ठरतं आणि अपडेट मुकाट्याने टळतं. त्याऐवजी इंग्रजी ‘सी’ने सुरू होणारा ‘+कस्टम१’ जोडा आणि ‘डीपीकेजी’ या पॅकेज साधनाच्या ‘कम्पेअर-व्हर्जन्स’ने खात्री करा.

पॅकेज आहे त्याच आवृत्तीवर रोखणाऱ्या ‘एपीटी-मार्क होल्ड’नेही सुरक्षा अपडेट अडतात, त्यामुळे तो लावून विसरू नका. अपडेट आलं की नव्या सोर्सवर पॅच पुन्हा लावून बघा. ‘हा आधीच लावलेला दिसतो’ असं उत्तर आलं, तर दुरुस्ती बहुधा अधिकृत कोडमध्ये पोचली आहे. तो बदल सोर्समध्ये डोळ्यांनी पाहा, आणि दिसला तर तुमचा पॅच काढून टाका.