घरी मेश वायफाय लावताय? या चुका टाळा, माझा रविवार वाचवा

रविवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला की आता नाव न बघताच कळतं. "अरे ते मेश घेतलं बघ, तीनचा पॅक, पण बेडरूममध्ये नेट अजून तसंच रडतंय." मेश म्हणजे घरभर ठेवलेल्या दोन-तीन डब्यांचं मिळून एक वायफाय. नातेवाईक, सोसायटीतले, ऑफिसातले असं सगळं धरून वीसेक घरांतलं हे लचांड मी निस्तरलं असेल आणि शपथेवर सांगतो, चुका त्याच त्या. सेलमध्ये स्वस्त दिसलं की आधी घ्यायचं, मग घरात कुठं कुठं ठेवता येईल ते बघायचं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

पहिलं म्हणजे तुम्हाला मेश लागतं का? सातआठशे स्क्वेअर फुटांचा टू बीएचके असेल तर बहुतेक वेळा नाही लागत. फायबर जोडायला येणारा माणूस राउटर मेन दाराजवळ शू रॅकच्या वर नाहीतर टीव्ही युनिटच्या पोटात ठेवून जातो, कारण त्याला तिथं वायर कमी लागते. आणि आपणही त्याला चहा देऊन मोकळे होतो. तो डबा घराच्या मध्यावर, पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीला आणला की निम्म्या तक्रारी तिथंच संपतात. खोक्यावर लिहिलेलं तीन हजार स्क्वेअर फूट वगैरे मनावर घेऊ नका. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी सांगाड्याची आणि जिप्सम बोर्डाच्या भिंतींची असतात, आपल्याकडं वीट, आरसीसी, मध्ये लोखंडी कपाट आणि त्याला हा भला मोठा आरसा.

आता माझी सगळ्यात आवडती, म्हणजे सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. जिथं नेट येत नाही, नेमका तिथंच नोड, म्हणजे मेशचा एक डबा, ठेवणं.

आमच्या काकांचं वाईला जुनं घर आहे. दीड-दोन फुटी काळ्या दगडाच्या भिंती, पुढं ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर, आणि मागची पडवी बंद करून केलेली खोली, जिथनं चुलतभाऊ वर्क फ्रॉम होम करतो. शंभर एमबीपीएसचा प्लॅन. काकांनी तीन नोडचं मेश आणलं, एक ओटीवर, एक स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागं, आणि तिसरा थेट भावाच्या टेबलावर, लॅपटॉपला चिकटून. मी गेलो तेव्हा भाऊ मोबाइलचा हॉटस्पॉट लावून मीटिंगमध्ये बसलेला आणि काका मला फोन दाखवतायत, "रेंज फुल आहे बघ." होतीच फुल. स्पीड टेस्ट केली तर दोन एमबीपीएस, कधी तीन.

हे नीट समजून घ्या कारण इथंच सगळे फसतात. फोनवर जी रेंज दिसते ती तुमचा फोन आणि शेजारचा नोड यांच्यामधली. तो नोड पुढच्या नोडशी कसा बोलतोय हे फोनला माहीतच नसतं. मेश नेट तयार करत नाही, एका डब्यातनं दुसऱ्या डब्यात वाहून नेतं, बस. भावाच्या टेबलावरच्या नोडला फ्रिजमागच्या नोडकडनं, तेही दगडातनं, जेमतेम झिरपत येत होतं आणि तो बिचारा तेच फुल रेंजमध्ये वाटत होता. काका म्हणाले, "अरे पण जिथं येत नाही तिथंच ठेवायला नको का?" म्हटलं काका, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार.

वर आणखी एक गंमत, मेन डबा ओटीवरच्या कोनाड्यात. कोनाडा जणू राउटरसाठीच बांधलाय असं वाटावं इतका फिट बसलेला, काकूंनी खाली क्रोशाचा रुमालही घातलेला. पण कोनाडा म्हणजे तीन बाजूंनी दगड हो. दिवा ठेवायला चांगला, राउटरला नाही.

तर मी काय केलं, आणि हे मी दर घरी करतो, पुस्तकात असेल नसेल माहीत नाही. आधी बाकीचे नोड बंद करून फक्त मेन चालू ठेवला, कोनाड्यातनं काढून दाराच्या चौकटीशेजारी वर लावला. मग फोनवर वायफाय अॅनालायझरचं कुठलंही फुकटातलं अॅप घेऊन घरभर हळूहळू चाललो (आयफोनवाल्यांनी ड्रॉवरमधला जुना अँड्रॉइड शोधावा, हे काम त्यावर सोपं पडतं). त्यात तुमच्या वायफायच्या ५ गीगाहर्ट्झच्या (वायफायच्या दोन पट्ट्यांतली वेगवान, दुसरी २.४ ची) नावापुढं उणे आकडा दिसतो, उणे ५० म्हणजे मस्त, उणे ६५ म्हणजे ठीक, उणे ७५ च्या खाली गेलं की विसरा. लोक इथंही उलटं वाचतात, ८० हे ६० पेक्षा मोठं म्हणून खूश. उणे आहे ते. आणि दर दहाने खाली गेलं की ताकद थेट एक दशांशावर येते, त्यामुळं "थोडंच तर कमी आहे" असं नसतं. जिथं आकडा उणे ६५ च्या आसपास आला तिथं भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली. दुसरा नोड तिथं. मग दुसरा चालू करून तेच पुन्हा, तिसऱ्यासाठी.

वाईला पहिली फुली माजघरात पडली, दारांच्या सरळ रेषेत. दगडी घरात सिग्नल दारांतनंच जातो असं समजून चाला. आणि भिंतीतनं न्यायचाच असेल तर समोरासमोर न्या, तिरपा गेला की त्याला भिंत दोन फुटांची तीन फूट पडते. तिसरा नोड भावाच्या टेबलावरनं उचलून खोलीच्या दाराबाहेर आणला. भावाला पटेना, "माझ्यापासनं लांब नेलास की." टेस्ट केली तर तीसपस्तीस आले. रेंजची एक काडी कमी झाली आणि नेट दहापट वाढलं, यावर काकांचा अजूनही पूर्ण विश्वास नाही.

शंभर का नाही आले? कारण स्वस्तातलं मेश ड्युअल बँड, म्हणजे दोनच पट्ट्यांचं, असतं. नोड ज्या रेडिओवरनं मागच्या डब्याशी बोलतो त्याच रेडिओवरनं तुमच्या फोनशी बोलतो, एकाच तोंडाने ऐकायचं आणि सांगायचं, त्यामुळं दर उडीला स्पीड साधारण निम्मा. एका रांगेत तीन नोड लावले की शेवटच्याला उरलंसुरलं. ट्राय बँडमध्ये नोडानोडांच्या बोलण्याला वेगळा रेडिओ मिळू शकतो, ते महाग पण बरं पडतं. खरा उपाय मात्र वायर. दिवाळीनंतर आम्ही माळ्यावरनं केबल ओढली, पहिली उंदरांनी खाल्ली, दुसरी पीव्हीसी पाइपातनं नेली, आता मागच्या खोलीत पंच्याण्णवच्या खाली येत नाही.

वायरचं नाव काढलंच आहे तर दुसरी चूक, ज्यात माझे स्वतःचे दोन रविवार गेले.

एका मित्राचा पुण्यात नवा फ्लॅट. बिल्डरने प्रत्येक खोलीत लॅन पॉइंट (वायरने नेट घ्यायचं सॉकेट) दिलेले, ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात कॅट ६ केबल. प्लॅन तीनशेचा, मेश गिगाबिट (हजार एमबीपीएसच्या) पोर्टचं, नोड सगळे वायरने जोडलेले. म्हणजे माझ्या मनासारखं घर. आणि स्पीड कुठल्याही खोलीत चौऱ्याण्णव. ९३, ९४, ९४, ९५, पण शंभरी काही गाठेना. मेन राउटरला लॅपटॉप लावला तर तीनशे पूर्ण. मी फर्मवेअर अपडेट केलं, रिसेट केलं, नोडांची अदलाबदल केली, नेट कंपनीच्या कस्टमर केअरला ताटकळत बसलो. दुसऱ्या रविवारी शेवटी वैतागून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि हॉलमधल्या भिंतीवरचा पॉइंट उघडला.

आत आठ वायरींपैकी चारच जोडलेल्या. नारिंगीची जोडी, हिरव्याची जोडी. निळ्या आणि तपकिरी जोड्या कापून, मागं वळवून, वर काळी टेप गुंडाळलेली, म्हणजे विसरला वगैरे नव्हता, नीट निगुतीने केलेलं. सगळ्या खोल्यांत तसंच. इलेक्ट्रिशियनला फोन लावला तर म्हणतो, "साहेब, नेटला चारच वायरी लागतात. आम्ही पहिल्यापासनं असंच करतो. चालतंय ना?"

चालतंय, हेच तर दुखणं आहे. शंभर एमबीपीएसपर्यंत चार वायरी खरंच पुरतात, कनेक्टरमधल्या १, २, ३ आणि ६ नंबरच्या. गिगाबिटला आठच्या आठ लागतात. चारच मिळाल्या की डबे तक्रार न करता शंभरवर उतरतात आणि त्यातलं डेटाच्या पाकिटांवरच्या पत्त्यांचं वगैरे जाऊन हातात चौऱ्याण्णव-पंच्याण्णव येतात. म्हणून हा आकडा पाठ करा. जास्तीचा प्लॅन असून वायरवर चौऱ्याण्णव दिसलं की समजायचं, कुठंतरी शंभरची लिंक आहे. एकतर वायरी कमी, नाहीतर एखादी पिन बसलेली नाही, नाहीतर डब्याचं पोर्टच शंभरचं. हे शेवटचं घेतानाच बघायचं असतं. टीपी-लिंकचं डेको ई४ आणि एम४ दिसायला भाऊ-भाऊ, पण ई४ ला शंभरची पोर्ट आहेत आणि एम४ ला गिगाबिट. शंभरच्या आतला प्लॅन असेल तर ई४ ने काहीच बिघडत नाही, तीनशेचा असेल तर बिघडतं. स्पेसिफिकेशनमध्ये "१०/१००" लिहिलंय का "१०/१००/१०००", एवढी एक ओळ वाचा राव, डब्याचा रंग नंतर बघा.

मी तेव्हापासनं बॅगेत दोन-तीनशे रुपयांचा केबल टेस्टर ठेवतो. एक टोक इकडं, एक तिकडं, एक ते आठ दिवे ओळीने लागले पाहिजेत. इलेक्ट्रिशियनचे पैसे देण्याआधी त्याच्यासमोर लावायचा. आणि रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. "मी माझ्या अंदाजाने लावतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून घरी पाठवा.

दुसऱ्या इमारतीत किंवा शेतघरात न्यायचं असेल तर मात्र तांब्याची लॅन वायर उघड्यावरनं ओढू नका, वळवाची एक वीज आसपास पडली की दोन्ही टोकांची पोर्ट जातात. तिथं फायबर टाका.

आता डबल राउटरचा घोळ. नेट कंपनीचा डबा स्वतः राउटर असतो, तुमचं मेशही राउटर, दोन्ही आपापलं वेगळं नेटवर्क काढून बसतात. लक्षण काय, तर नेट चालतं, पण प्रिंटर सापडत नाही, जुन्या राउटरला लावलेला सीसीटीव्हीचा डीव्हीआर घरात असूनही टीव्हीवर दिसत नाही, पोराचा गेम एनएटीच्या (घरातल्या सगळ्या डब्यांना बाहेर एकच पत्ता देणाऱ्या सोयीच्या) नावाने बोंबलतो. यावर हुशार मंडळी कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगतात, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नेट नुसतं पुढं पाठवतो. बरोबर आहे त्यांचं, पण मग पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटला लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि कधी व्हीलॅनचा (कंपनीच्या लाइनवरच्या वेगळ्या मार्गिकेचा) नंबर मागून घ्यावा लागतो, आणि लँडलाइन त्याच डब्यावर असेल तर ती बंद पडणार नाही ना हे आधी विचारावं लागतं. मी बहुतेक घरी सरळ मेशला अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (राउटरचं काम सोडून फक्त वायफाय देणं) टाकतो आणि झोपायला जातो. मेशमधले पॅरेंटल कंट्रोल वगैरे काही खेळ त्यात जातात. जाऊ देत, तसेही कोण वापरतं.

आणि काहीही केलं तरी कंपनीच्या डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करा. नाहीतर फोन जुन्या नावालाच चिकटून बसतात आणि शिव्या नव्या मेशला. नोड बदलायचं शेवटी फोनच ठरवतो, मेश फक्त सुचवतं, त्यामुळं काही फोन हॉलमधल्या नोडला बेडरूमपर्यंत सोडत नाहीत. वायफाय बंद-चालू करून बघा, नोड लगेच बदलला तर चूक फोनची.

स्मार्ट बल्ब किंवा प्लग जोडला जात नसेल तर तो २.४ गीगाहर्ट्झवालाच असणार. सेटअपपुरतं ५ बंद करा.

दोन कंपन्यांचे नोड एकमेकांशी बोलतील अशी आशा धरू नका. ईझीमेश नावाचं स्टँडर्ड आहे, पण दोन्ही डब्यांवर ते लिहिलेलं असेल तरच बघा.

टू बीएचकेत तीन नोड नको. एकमेकांवर ओरडतात नुसते. तिसरा मावशीला द्या.

लाइट गेल्यावर मेन डबा इन्व्हर्टरवर आणि बाकीचे नोड साध्या प्लगवर, मग "मेश बंद पडलं" म्हणून फोन. राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, पण घेताना अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, डबा बारा व्होल्टचा आणि यूपीएस नऊचा असले प्रकार मी पाहिलेत.

आणि हो, नोड हलवला की तो परत जोडला जायला दोन-चार मिनिटं घेतो. लाल दिवा दिसला की लगेच टाचणी खुपसून रिसेट करणारे लोक आहेत. सगळं सेटिंग पुसलं जातं आणि मग मला फोन. चहा टाका, गाळा, प्या, मग दिव्याकडं बघा.

शेवटचं अकाउंटचं. हल्ली बरीच मेश अॅपवरनं लागतात आणि अॅप कुणाच्या तरी ईमेलला बांधलेलं असतं. आमच्या शेजारच्या काकूंचं मेश त्यांच्या मुलाच्या कॉलेजच्या ईमेलवर, मुलगा जर्मनीला, कॉलेजने ईमेल बंद केलेला. पासवर्ड बदलायचा तर सगळे डबे रिसेट करून पहिल्यापासनं. तेव्हापासनं मी अकाउंट घरात राहणाऱ्या माणसाच्याच ईमेलवर काढतो आणि कुठला ईमेल, मेन नोड कुठला, कुठलं पोर्ट कुठं जातं, हे सगळं मेन डब्याच्या तळाशी कागदी टेप लावून त्यावर मार्करने लिहून ठेवतो. पासवर्ड तेवढा काकूंच्या गॅसच्या पुस्तकात आहे.