श्रद्धा असताना धर्माचा अभ्यास: वही कशी ठेवावी

धर्माचा अभ्यास करायला श्रद्धा सोडावी लागत नाही, आणि नास्तिक माणसाला तो आपोआप जमतो असेही नाही. सांभाळायचे ते एवढेच: लिहिलेले प्रत्येक वाक्य कोणाचे आहे?

आधी प्रश्न तपासा. ‘देव प्रार्थना ऐकतो का?’ याचे उत्तर या अभ्यासात मिळत नाही. ‘आजाऱ्यासाठी प्रार्थना कोण करते, कोणत्या शब्दांत, आणि गुण आला नाही तर त्याचा अर्थ काय लावते?’ हे शोधता येते. 1967 मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात धर्म-अध्ययनाचा विभाग सुरू करणारे निनियन स्मार्ट या भूमिकेला पद्धतीपुरता अज्ञेयवाद म्हणत, म्हणजे श्रद्धा खरी की खोटी यावर अभ्यासापुरते मत न देणे. पद्धतीपुरताच, वही मिटल्यावर खुशाल हात जोडा.

पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात जे दिसले, ऐकले किंवा ग्रंथात वाचले ते. दुसऱ्यात श्रद्धावंत त्याचा अर्थ काय सांगतात ते, त्यांच्याच शब्दांत. तिसऱ्यात तुमचा तर्क, तोही पेन्सिलीने. विधी पाहायला जाताना आधी परवानगी घ्या आणि टिपणे त्याच दिवशी पूर्ण करा. दोन दिवस गेले की पहिला आणि तिसरा रकाना एकमेकांत मिसळतात.

खरी गफलत भाषेत होते. ‘देवाने दृष्टांत दिला’ ही तुमची श्रद्धा झाली, ‘तिला भास झाला’ हा तुमचा निवाडा. ‘देवाने दृष्टांत दिला असे ती सांगते’ हे बरोबर. ‘दिला म्हणे’ मात्र नको, त्या ‘म्हणे’त संशय लपलेला असतो. आदरार्थी रूपेही तपासा: आपल्या धर्मसंस्थापकाला ‘ते’ आणि दुसऱ्याच्या संस्थापकाला ‘तो’, हे हमखास होते आणि लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

ग्रंथ असेल तर तीन काळ वेगळे नोंदवा: सांगितलेल्या घटनेचा, रचनेचा आणि हाती असलेल्या हस्तलिखिताचा. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाची (येशूच्या चरित्राची) रचना बहुतेक अभ्यासक इ.स. 70 च्या आसपासची मानतात; त्याच्या सर्वांत जुन्या संपूर्ण प्रती चौथ्या शतकातल्या, आणि त्यांत सोळाव्या अध्यायातली 9 ते 20 ही वचने नाहीत. ऋग्वेदाचे उलट: हस्तलिखिते फार उशिराची, तरी पाठांतराच्या काटेकोर परंपरेमुळे मजकूर कितीतरी जुना. म्हणून प्रत उशिराची म्हणजे ग्रंथही उशिराचा, असे लिहू नका.

आपल्या ग्रंथाला ‘इथे रूपक आहे’ अशी सवलत दिलीत, तर तसाच उतारा दुसऱ्या धर्मात शोधून त्यालाही ती लावून पाहा. जड गेले तर पहिली सवलतही खोडा.

शेवटी खर्डा त्याच पंथाच्या जाणत्या माणसाला दाखवा. ‘आम्ही असे मानतच नाही’ असे तो दुसऱ्या रकान्याबद्दल म्हणाला, तर त्याचे म्हणणेही तिथे लिहा आणि आणखी दोघांना विचारा. आक्षेप तिसऱ्याबद्दल असेल, तर तर्क लगेच बदलू नका. आक्षेप त्याच्या शब्दांत शेजारी लिहून ठेवा.