प्लिंथ ओतायच्या आधी

पुढच्या महिन्यात नाशिकजवळ गोंद्याच्या साइटवर पाच सेक्शनचं एएचयू (हवा गाळून, थंड करून डक्टमध्ये ढकलणारा यंत्राचा मोठा डबा) उतरणार आहे. गेल्या वर्षी नाशिकच्याच अंबडला जो घोळ घातला तो पुन्हा घालायचा नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय. सगळ्यात आधी प्लिंथची, म्हणजे एएचयूखालच्या काँक्रीटच्या ओट्याची उंची. खरं तर ड्रेन ट्रॅपची (एएचयूमधलं पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपचा यू आकाराचा वळसा, त्यात कोंडलेलं पाणी हवा अडवतं) उंची, पण ती प्लिंथ ओतताना ठरून जाते आणि तेव्हा ट्रॅप कुणाच्या डोक्यातही नसतो. सिव्हिलवाला फोन करतो, "साहेब, नेहमीसारखा चार इंचीच ना?" आणि आपण दुसऱ्या कामात असतो, "हो, हो" म्हणून मोकळे होतो. म्हणू नका. मी म्हणालो होतो.

अंबडला ड्रेनचं तोंड फरशीपासून जेमतेम साडेपाच इंचांवर आलं. प्लंबरने तेवढ्यात बसेल तसा ट्रॅप बसवला. दिसायला यू, आत दोन बोटं पाणी. मे महिन्यात टेस्टिंग झालं. हवा कोरडी, कॉइलवर (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर) पाणी सुटतच नव्हतं, सगळे खूश. जूनमध्ये पाऊस लागला आणि कॉइलखालचा, ते पाणी झेलणारा पॅन भरायला लागला. फॅन चालू असताना ड्रेनमधून थेंब नाही. उलट पाइपच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा तुकडा धरला तर तो फटकन चिकटून बसायचा. ट्रॅपमधलं पाणी आत ओढलं गेलं होतं, वर पाइपमधून हवा आत येत होती, मग पॅनमधलं पाणी बाहेर पडणार कुठून? ते कडेवरून फॅन सेक्शनमध्ये गेलं, तिथून पॅनेलच्या सांध्यांतून स्लॅबवर, आणि स्लॅबमधल्या स्लीव्हमधून खाली पॅकिंग लाइनवर. बरं, फॅन बंद करून झाकण उघडलं की पाणी आपसूक निथळून जायचं, त्यामुळे दोन दिवस आम्ही "ड्रेन तर चालू आहे" म्हणत पॅनेलच्या फटींत सिलिकॉन भरत बसलो.

आता हिशोब. हवेच्या वाटेत फॅन कॉइलच्या नंतर असला की पॅन फॅनच्या ओढीत येतो. ती ओढ किती ते सप्लायरकडून लेखी घ्या आणि आकडा मळलेल्या फिल्टरचा घ्या, नव्याचा नको. समजा 800 पास्कल निघाली. 10 पास्कल म्हणजे साधारण 1 मिलिमीटर पाणी, म्हणजे 80 मिलिमीटर. त्यात 25 वरकड धरा. पॅनच्या तोंडापासून ट्रॅपचं बाहेरचं तोंड इतकं, म्हणजे 105 खाली हवं. त्याच्याही खाली त्याच्या निम्मं, 50 एक, पाणी कोंडून राहायला हवं. वर पाइपची जाडी, इन्सुलेशन, आणि फ्लोअर ड्रेनपर्यंतचा उतार. मी सरळ 250 धरतो. हे 250 ड्रेनच्या तोंडापासून फरशीपर्यंत, प्लिंथच्या माथ्यापर्यंत नव्हे. बेस फ्रेमचं ड्रॉइंग हातात आल्याशिवाय प्लिंथ ओतू द्यायचा नाही. पुन्हा लिहितो: ओतू द्यायचा नाही. दोन सेक्शनला दोन पॅन असतील तर दोन ट्रॅप. एकाच ट्रॅपला दोन्ही जोडले की ओढ वेगवेगळी असल्यामुळे एकातली हवा दुसऱ्यात जाते.

ऑर्डरच्या वेळी बघायचं ते असं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ. तेवढ्याच सीएफएममध्ये (मिनिटाला किती घनफूट हवा) थंडावा कमी वाहून जातो. सप्लायरच्या सिलेक्शन शीटवर (एएचयू निवडल्याचा हिशोब) उंचीच्या रकान्यात शून्य दिसलं तर शीट परत पाठवा. पाइप कोणत्या हाताला ते शब्दांत लिहू नका; डावा-उजवा प्रत्येकाचा वेगळा असतो. ड्रॉइंगवर हवेचा बाण काढा, पाइपची बाजू रंगवा, सही घ्या. त्याच बाजूला कॉइल बाहेर ओढायला एएचयूच्या रुंदीएवढी मोकळी जागा लागते. तिथे इलेक्ट्रिकवाला पॅनेल उभं करणारच. आधीच फरशीवर पट्टे मारून ठेवा.

एएचयू आत न्यायची वाट मोजायची ती टेपने, ड्रॉइंगवरून नाही. शटर पूर्ण वर गेलं तरी गुंडाळी खाली उतरलेली असते, ती चार-सहा इंच खाते. हायड्रा क्रेन जिथवर जातो तिथवर ठीक, पुढे रोलर पाइप आणि चेन ब्लॉक. सगळ्यात आत बसणारा सेक्शन आधी उतरला पाहिजे, म्हणजे ट्रकमध्ये तो शेवटी चढला पाहिजे. हे लोडिंगच्या आदल्या दिवशी सांगायचं, ट्रक सिन्नर ओलांडून आल्यावर नाही. गोंद्याला पाऊस शहरापेक्षा जास्त, तेव्हा ताडपत्री आपली न्या. फिल्टरची खोकी उघड्यावर एक मिनिट नको.

जोडताना पाण्याच्या लेव्हल ट्यूबने चारही कोपरे बघा. गॅस्केट आधी, सेक्शन सरकवणं मग. सांध्याचे बोल्ट जोडून धरायला असतात, दोन टनांचा डबा ओढून आणायला नाही. तसं केलं तर चौकट वाकते आणि दार आयुष्यभर शिट्टी मारतं. जोडून झालं की ट्रॅपची उंची पुन्हा मोजा. हो, पुन्हा. डक्ट आणि चिल्ड वॉटरची पाइप लागायच्या आधी उचलणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. आम्ही सगळं लागल्यावर जॅक लावून खाली सहा इंची चॅनेल सरकवलं. त्यात नऊ दिवस गेले, आणि डक्टच्या जोडाचा कॅनव्हास, पाइपचे सांधे, इन्सुलेशन सगळं नव्याने, तेही आपल्या खर्चाने.

सुरू करताना: फॅनच्या स्प्रिंगखालचे वाहतुकीचे बोल्ट काढा. फॅनची दिशा डोळ्यांनी बघा, उलटा फिरला तरी थोडी हवा येतेच आणि माणूस फसतो. डक्ट फुंकून झाल्यावरच बारीक फिल्टर, हेपा (सगळ्यांत बारीक फिल्टर) सगळ्यात शेवटी. ट्रॅपमध्ये बादलीने पाणी ओता, उन्हाळ्यात आटतं ते. मे महिन्यात टेस्टिंग असेल तर पॅनमध्येही दोन बादल्या ओतून, फॅन पूर्ण वेगात ठेवून बघा पाणी जातंय का. व्हीएफडी (फॅनचा वेग बदलणारं उपकरण), अर्थिंग, आतला दिवा, कड्या, नेहमीचं.

गोंद्याचं ओतकाम सोमवारी ठरलंय. बेस फ्रेमचं ड्रॉइंग अजून आलेलं नाही. सिव्हिलवाल्याला थांब म्हणून कळवलंय, तो चिडलाय.