सुडो लावलं की प्रॉक्सी गायब? या चुका टाळा

लातूरला एका कॉलेजच्या लॅबमधी उबुंटू लिनक्स टाकायलो होतो, नेट सगळं प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या सर्व्हरातून. टर्मिनलात प्रॉक्सीचा पत्ता एचटीटीपी प्रॉक्सी या व्हेरिएबलात (प्रोग्रामांना द्यायची सेटिंग) एक्सपोर्ट केला, नेटवरून फायली आणणारं कर्ल मस्त चालायलंय, पण सुडो (कमांड रूट म्हणजे मुख्य ॲडमिनच्या हक्कानं चालवणारं) लावून ॲप्ट अपडेट (पॅकेजची यादी ताजी करणारी कमांड) मारलं की नुसतं लटकून बसायलंय. चेक करावं म्हणून सुडो इको (मजकूर छापणारी कमांड) अन् पुढं डॉलर लावून व्हेरिएबलचं नाव दिलं तर पत्ता बरोबर आला, म्हणलं हे तर पोचलंय, अन् मग अर्धा दिवस केबल काढ, स्विच बदल, डीएनएस बघ.

चूक त्या इकोतच होती. डॉलरवालं नाव सुडो सुरू व्हायच्या आधीच आपली शेल (टर्मिनलात कमांड वाचणारा प्रोग्राम) काढून त्याच्या जागी किंमत घालते, सुडोच्या हातात जातो तो आयता पत्ता. खरं बघायचं तर सुडो प्रिंटएन्व्ह (व्हेरिएबल छापणारी कमांड) अन् पुढं नाव, बिनडॉलरचं. काहीच छापलं नाही तर ते वाटंतच गळालंय.

गळतं कारण सुडोमधी एन्व्ह रिसेट नावाचं सेटिंग आधीपासूनच चालू असतं, मोजकी सोडून बाकीची व्हेरिएबल पुसली जातात. हे मुद्दाम केलेलं आहे, नाहीतर कुणीबी काहीबी घालून रूटच्या प्रोग्रामला भलतीकडं वळवील, म्हणून वैतागून ते बंद करू नका.

सुडोला कॅपिटल ई चा फ्लॅग लावला की काम होतं, पण सगळं गबाळ आत जातं. होमबी (घरच्या फोल्डरचा पत्ता) तुमचंच राहतं, मग पिप-एनपीएमसारखे पॅकेज टाकणारे प्रोग्राम तुमच्याच फोल्डरात रूटच्या मालकीच्या फायली टाकून ठेवतात अन् दुसऱ्या दिवशी परमिशन डिनाइड. त्यापेक्षा सुडोच्या प्रिझर्व्ह एन्व्ह फ्लॅगला बरोबरचं चिन्ह लावून पाहिजे तेवढीच नावं द्या, मधी स्वल्पविराम. ही सोय सुडोच्या १.८.२१ व्हर्जनपासून आहे.

पाथ (कमांड कुठल्या फोल्डरात शोधायच्या ती यादी) मात्र कॅपिटल ई लावूनबी येत नाही, सिक्युअर पाथ ही सुडोची ठरलेली यादी त्याला बदलून टाकते. मग कमांडचा पूर्ण पत्ता लिहा, नाहीतर सुडो एन्व्ह लिहून पाथ बरोबर डॉलर पाथ असं द्या, इथं डॉलरची तीच खोड उपयोगाला येते.

कायमचं करायचं तर व्हिसुडोनंच (सुडोची सेटिंग तपासून सेव्ह करणारा एडिटर) सुडोअर्स डॉट डी या सुडोच्या सेटिंगच्या फोल्डरात नवी फाइल काढा अन् एन्व्ह कीप या राखायच्या व्हेरिएबलच्या यादीत नावं वाढवा. साध्या एडिटरनं उघडली अन् एक अक्षर चुकलं तर सुडोच बंद पडू शकतं. अन् फायलीच्या नावात टिंब नको, मी हौसेनं प्रॉक्सी डॉट कॉन्फ ठेवलं होतं, सुडो अशी फाइल वाचतच नाही, एररबी देत नाही.